हाराबाकोआचं बिऱ्हाड

“वेस्ट इंडीजला निघालात? मग काय बाई, रोज क्रिकेट!”

तीन वर्षांपूर्वी आमचं जायचं ठरलं, तेव्हा कऱ्हाडात ज्याला सांगावं त्याच्या तोंडून हेच. सासूबाईंना तर १९७१ साल आठवलं. वाडेकरांच्या संघानं वेस्ट इंडीजला त्यांच्या घरी जाऊन हरवलं, तेव्हा त्या नुकत्याच मॅट्रिक झालेल्या नि त्यांचे वडील रेडिओच्या बातम्यांना कान लावून बसलेले! प्रत्यक्षात आम्ही जिथं उतरलो तिथं क्रिकेटची बॅट कुणाला ठाऊक नाही. पोरंसोरं गल्लीत खेळतात ते बेसबॉल. भाषा स्पॅनिश. माझी बी.ए.ची इंग्रजी तिथं कुणाच्या उपयोगाची नव्हती, माझ्याही नव्हती!

मैत्रिणींनो, परदेशची प्रवासवर्णनं तुम्ही पुष्कळ वाचली असतील. मी सांगणार आहे ते प्रवासाचं नव्हे, बिऱ्हाडाचं. वर्षातले साडेतीन महिने तिकडे नि साडेआठ महिने इकडे असा संसार करायचा, तर पाणी कुठून येतं, दिवे किती वेळ जातात, गॅस कसा भरतात, डाळ मिळते का, आणि रात्री-अपरात्री हाक मारायला कोण असतं, हे आधी कळायला हवं. मला ते कुणी सांगितलं नव्हतं. त्यातलं शेवटचं तर फारच महागात पडून कळलं.

आमचे हे शेतकी पदवीधर. हरितगृहातली ढोबळी मिरची म्हणजे त्यांचा हातखंडा. डोमिनिकन रिपब्लिकमधल्या एका बागायतदारानं त्यांना दर वर्षी जानेवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंत बोलावलं. मी हायस्कुलात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. दुसऱ्या सत्रातले माझे तास एका मैत्रिणीकडे सोपवले, म्हणजे ओघानं पैसेही तिलाच. लेक तेव्हा तीन वर्षांची होती, शाळेचा प्रश्न नव्हता. सासूबाई मात्र “मला विमान नको नि ती थंडीही नको, मी माझ्या घरी बरी” म्हणून कऱ्हाडलाच राहिल्या. सोबतीला सकाळ-संध्याकाळ येणारी बाई होती. आम्हाला वाटलं, झाली की सोय!

गाव आपल्यासारखंच

नकाशात क्यूबाच्या पूर्वेला एक बेट दिसेल. त्याचा पश्चिमेकडचा भाग हैती, पूर्वेकडचा मोठा भाग डोमिनिकन रिपब्लिक. त्याच्या मधोमध डोंगरात हाराबाकोआ वसलं आहे. इंग्रजीत लिहिताना सुरुवातीला ‘जे’ लिहितात, पण स्पॅनिशमध्ये त्याचा उच्चार ‘ह’ होतो. मी पहिले पंधरा दिवस ‘जाराबाकोआ’च म्हणत होते आणि लोक बिचारे हसू दाबत होते.

गावाची उंची सुमारे ५३० मीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या कऱ्हाड-पुण्याइतकीच. अक्षांश एकोणिसावा, अगदी मुंबईचा. पण सभोवती पाइनचे डोंगर आणि समुद्रावरून सतत येणारे वारे, त्यामुळे आपल्यासारखा उन्हाचा तडाखा नाही. ‘सदा वसंताचं गाव’ असं तिथले लोक त्याला कौतुकानं म्हणतात. जवळच्या रांगेत पीको दुआर्ते नावाचं ३,०९८ मीटर उंचीचं शिखर आहे, कॅरिबियन बेटांतलं सर्वांत उंच. आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट म्हणा ना!

आणि खरं सांगू का, मला त्या गावानं जिंकलं ते संगमानं. याके देल नोर्ते ही त्या देशातली सर्वांत लांब नदी, आणि हिमेनोआ ही तिला येऊन मिळणारी दुसरी नदी. दोघींची भेट गावाजवळच होते. रविवारी माणसं पोराबाळांसकट, पातेल्यांसकट तिथं येऊन बसतात. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर लहानाची मोठी झालेली मी, पहिल्या रविवारी तिथं पाण्यात पाय सोडून बसले नि डोळे भरून आले. यांना वाटलं, पाणी फार गार आहे!

जाण्याच्या वाटेबद्दल थोडं सांगते. आम्ही मुंबईहून न्यूयॉर्कला आणि तिथून सान्तियागोच्या विमानतळावर उतरतो. पुढे मोटारीनं सव्वा-दीड तासाचा रस्ता. न्यूयॉर्कला नुसतं विमान बदलायचं असलं, तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो, हे विसरू नका. देशात शिरताना नि बाहेर पडताना एक ऑनलाइन अर्ज भरावा लागतो. तो घरूनच भरून छापून जवळ ठेवावा. राजधानी सांतो दोमिंगोत आता आपला दूतावास आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. तिथला पत्ता आणि फोन वहीत लिहून ठेवावा. नुसता मोबाइलमध्ये नको. का ते पुढे येईलच.

पाणी, दिवे, गॅस

घर बघायला गेलात, तर रंग नि फरशी बघू नका. आधी छपराकडे बघा. छपरावरच्या टाकीला तिथं ‘तिनाको’ म्हणतात, जमिनीखालच्या हौदाला ‘सिस्तेर्ना’. नळाला पाणी रोज येईलच असं नाही, तेव्हा टाकी मोठी हवी आणि हौद असला तर सोन्याहून पिवळं. हौद असला तर पंप लागतो, आणि पंपाला वीज लागते, हेही ध्यानात घ्या. नळाचं पाणी पिण्यासाठी नाही. पाच गॅलनचा, म्हणजे सुमारे १९ लिटरचा मोठा बुधला विकत घ्यायचा. रिकामा द्यायचा, भरलेला घ्यायचा. भाज्या धुवायचं, तांदूळ धुवायचं पाणी कोणतं, हे घरातल्या सगळ्यांनी एकदा ठरवून घ्यावं. नाहीतर पहिल्याच आठवड्यात पोट बिघडतं. आमचं बिघडलं!

वीज ११० व्होल्टची नि प्लग दोन चपट्या पिनांचे. मी हौसेनं इथला मिक्सर बॅगेत कोंबून नेला होता, आणि तो तिथं शोभेची वस्तू झाला. ट्रान्सफॉर्मर घेऊन चालवता येतो, पण त्या वजनापेक्षा आणि किमतीपेक्षा तिथलाच ब्लेंडर घेतलेला बरा. दोडक्याच्या शिरांची चटणी त्यात छान होते. इडलीचं पीठ मात्र गुळगुळीत होत नाही.

आता दिवे. लोडशेडिंग आपल्याला काही नवं नाही. तिथंही वीज जाते, कधी तासभर, कधी चार तास. “से फुए ला लूस!” म्हणजे “गेले दिवे!” हे मी शिकलेलं पहिलं स्पॅनिश वाक्य. आणि परत आले की सगळ्या गल्लीतून आरोळी उठते, “येगो ला लूस!” अगदी आपल्या वाड्यातल्यासारखी. बहुतेक बऱ्या घरांत इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या असतात. आमच्या घरात नव्हत्या. घरमालकीण म्हणाली, निम्मा खर्च मी देते, निम्मा तुम्ही द्या. आम्ही हिशेब केला. साडेतीन महिन्यांसाठी कशाला एवढा खर्च? मेणबत्त्या आहेत की! ही आमची काटकसर लक्षात ठेवा.

गॅसची गंमत निराळी. आपल्यासारखं नंबर लावून सिलिंडर घरी येत नाही. आपली टाकी आपणच उचलून गॅस भरण्याच्या केंद्रावर न्यायची आणि पेट्रोलसारखा गॅलनवर गॅस भरून घ्यायचा. सरकार दर शुक्रवारी नवा भाव जाहीर करतं, त्यामुळे शेजारणी गुरुवारी-शुक्रवारी आपल्याकडच्या सोन्याच्या भावासारखी चर्चा करतात. टाकी न्यायला ‘मोतोकोंचो’ असतो, म्हणजे भाड्याची मोटारसायकल. स्वार पुढे, टाकी मध्ये आणि मागे मी, पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला खोचून! कऱ्हाडात कुणी बघितलं असतं, तर वर्षभर विषय पुरला असता.

घरांच्या खिडक्यांना बहुधा काचा नसतात, पत्र्याच्या आडव्या पट्ट्या असतात. वारा छान येतो. त्याबरोबर धूळ, पावसाची झड नि डासही येतात. डेंग्यूची भीती तिथंही आहे, तेव्हा मच्छरदाणी न्याच. जानेवारी-फेब्रुवारीत रात्री स्वेटर लागतो. हवा दमट असल्यानं कपाटातल्या चामड्याच्या चपलांना, पर्सला बुरशी धरते. मी कपाटात कापडी पिशवीत कोळसे ठेवते. आजीचा उपाय तिथंही लागू पडला.

स्वयंपाकघरात ओळखीची माणसं

“तिथं खायचं काय गं?” हा प्रत्येकीचा पहिला प्रश्न. मैत्रिणींनो, तिथं मला तूर भेटली! ‘ग्वांदुलेस’ म्हणतात तिला. हिवाळ्यात बाजारात ओल्या शेंगा सोलून ठेवलेल्या असतात. नारळाच्या दुधात भाताबरोबर शिजवतात. डाळ करून वरण करायची कल्पना मात्र तिथं कुणाला नाही. मी एकदा साधं वरण, वरून तूप-लिंबू असं शेजारी पाठवलं. शेजारणीनं चव घेतली नि विचारलं, “छान आहे, पण कोण आजारी आहे?”

दुसरा ओळखीचा चेहरा साबुदाण्याचा. म्हणजे साबुदाणा नव्हे, तो ज्यापासून होतो तो कंद, टॅपिओका. तिथं त्याला ‘युका’ म्हणतात. महाशिवरात्रीला मी युका सोलून, उकडून, जिरं-मिरची-दाण्याचं कूट घालून परतला. खिचडीची तहान त्यावर चांगलीच भागली. एक सांभाळा, युका कधी कच्चा खाऊ नका. साल जाडसर काढून नीट शिजवावा लागतो. त्याच्या किसाची मोठी, पातळ, कुरकुरीत भाकरीही मिळते. तिचं नाव ‘कासाबे’. कोलंबस येण्याआधीपासून तिथले मूळ रहिवासी ताइनो ती करत आले. २०२४ साली युनेस्कोनं ही कासाबेची विद्या जगाच्या वारशाच्या यादीत घातली. आपल्या भाकरीला हा मान कधी मिळायचा कोण जाणे!

रोजचं जेवण भात, राजम्यासारख्या लाल घेवड्याची आमटी आणि मांस. आम्ही मांस खात नाही म्हटल्यावर लोक काळजीनं विचारतात, “कोंबडीसुद्धा नाही?” भात तिथलाच, जाडसर आणि चवदार. पातेल्याच्या तळाशी लागलेली खरपूड ‘कोंकोन’ म्हणून मानानं वाढतात, त्यासाठी पोरं भांडतात. बटाटे, लसूण, कोबी, गाजर, स्ट्रॉबेरी हे सगळं वरच्या कोन्स्तान्साच्या खोऱ्यातून येतं. ते गाव सुमारे १,२०० मीटर उंचावर आहे. १९५० नंतरच्या दशकात तिथं जपानी शेतकरी कुटुंबं येऊन वसली आणि भाजीपाल्यात त्यांनी मोठं काम केलं. यांचं दुसरं हरितगृहही तिथंच, त्यामुळे आठवड्यातून एक रात्र यांचा मुक्काम कोन्स्तान्सात.

घरून न्यायचं ते एवढंच: गोडा मसाला, हळद, हिंग, मोहरी, थोडी तूरडाळ, थोडे पोहे. सगळं बंद पाकिटातलं, छापील नाव असलेलं. बी-बियाणं, ताजी फळं, कढीपत्त्याची डहाळी यातलं काही नेऊ नका. कुकर न्या, आणि त्याची जादा रिंग नि शिट्टीही न्या. गव्हाचं पीठ तिथं बहुधा मैद्यासारखं असतं. त्याच्या पोळ्या ताणल्या तर रबरासारख्या मागे येतात. मी शेवटी हार मानली नि आठवड्यातून चार दिवस भात मान्य केला.

कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानाला ‘कोल्मादो’ म्हणतात. एक अंडं, दोन लसणीच्या पाकळ्या, अर्धी काडी लोणी, काहीही मिळतं. फोन केला तर मुलगा मोटारसायकलवर घरी आणून देतो. उधारीही चालते. आपल्याकडच्या ‘आज रोख, उद्या उधार’च्या पाटीसारखीच तिथं पाटी असते. वाणी प्रत्येक बाईला “माझ्या जिवा” म्हणून हाक मारतो. पहिल्यांदा मी दचकून मागे वळून पाहिलं. हे नंतर हसून हसून बेजार! आणखी एक रीत शिकून घ्या. दुकानात, दवाखान्यात, बसमध्ये पाऊल टाकलं की आधी सगळ्यांना मोठ्यानं “बुएनोस दियास” म्हणायचं. न म्हणता थेट “मीठ द्या” म्हटलं, तर तुम्ही आगाऊ ठरता. आणि ‘आओरिता’ म्हणजे शब्दशः ‘आत्ता’, पण तिथं त्याचा अर्थ ‘बघू, नंतर’. नळाचं काम करणारा “आओरिता येतो” म्हणाला, की खुशाल कणीक मळायला घ्या.

वेसीना

आमच्या शेजारी साठीच्या घरातल्या एक बाई राहतात, शिवणकाम करतात. स्पॅनिशमध्ये शेजारणीला ‘वेसीना’ म्हणतात. त्या मला “वेसीना” हाक मारतात, मी त्यांना “वेसीना.” तीन वर्षांत आम्हा दोघींना एकमेकींच्या नावाची गरजच पडली नाही. पहिल्या दिवशी मी “इंडियातून आले” म्हटलं, तेव्हा त्यांनी आपला हात माझ्या हाताला लावून दाखवला नि म्हणाल्या, “मीही इंडियाच!” तिथं गव्हाळ रंगाला ‘इंडिओ’ म्हणतात, बाईला ‘इंडिया’. कोलंबसानं घातलेला तो घोळ अजून चालूच आहे.

संध्याकाळी ओसरीवर झुलत्या खुर्च्या टाकून सगळे बसतात. कॉफी त्याच भागातली, काळी, लहान कपात, भरपूर साखरेची. त्या बोलत, मी माना डोलवत असे. हळूहळू बोलूही लागले. तरी मनात असायचं, आपण काय, चार दिवसांचे पाहुणे. घर भाड्याचं, पातेली स्वस्तातली, पडदे कशाला? इन्व्हर्टर कशाला?

यंदाच्या मार्चमधली गोष्ट. ईस्टरच्या आधीच्या उपासांचे दिवस. त्या दिवसांत घरोघरी घेवड्याचं एक गोड करतात. लाल घेवडा शिजवून, वाटून, गाळून त्यात दूध, नारळाचं दूध, साखर, रताळ्याच्या फोडी, मनुका. आपल्या कटाच्या नि पुरणाच्या मधलं काहीतरी, आणि मोठं पातेलंभर करून शेजारीपाजारी वाटायचं. वेसीनानं चिनी मातीचा निळ्या फुलांचा वाडगा भरून दिला होता. हे कोन्स्तान्साला गेलेले. रात्रीचे साडेनऊ वाजले होते, दिवे तासाभरापासून गेलेले. लेक झोपली होती. मी मेणबत्तीशी भांडी आवरत होते.

मोबाइल वाजला. कऱ्हाडहून शेजारच्या काकूंचा निरोप: “आई न्हाणीघरात पडल्या आहेत. उठता येत नाही. लगेच फोन कर.” घड्याळात आपण साडेनऊ तास पुढे, तिथं सकाळचे सात वाजले होते. मी फोन लावायला घेतला, तोच बॅटरी संपून मोबाइल बंद पडला. वीज नाही, चार्जर नुसता भिंतीला लटकलेला. यांचा नंबर पाठ नाही, तोही मोबाइलमध्येच! काळोखात त्या काळ्या काचेकडे बघत मी उभी होते. पुढे काय करायचं हे सुचेना, आणि नकळत मोठ्यानं रडू आलं.

कुंपणाच्या पलीकडून टॉर्चचा उजेड आला. वेसीना गाऊनवरच धावत आल्या. मला स्पॅनिश सुचेना, मी फक्त मोबाइल दाखवला नि “मामा, मामा” म्हणत राहिले. त्यांनी काही विचारलं नाही. झोपलेली लेक खांद्यावर टाकली, माझा हात धरला नि आपल्या घरी नेलं. त्यांच्याकडे इन्व्हर्टर होता. दिवा होता, इंटरनेट होतं. चार्जर लावून दिला, समोर आल्याचा गरम काढा ठेवला. फोन सुरू होईपर्यंतची ती चार-पाच मिनिटं कशी गेली ते मी सांगू शकत नाही.

इकडे काय झालं होतं? बादली पडल्याचा नि सासूबाईंच्या ओरडण्याचा आवाज काकूंनी भिंतीपलीकडून ऐकला. पुढचं दार आतून बंद, पण मागच्या दाराची किल्ली काकूंकडे होती. ती आम्ही दिली नव्हती हो! आमच्या लक्षातही नव्हतं. सासूबाईंनीच आपण होऊन देऊन ठेवली होती. काकूंच्या मुलानं रिक्षा आणली, दोघांनी उचलून दवाखान्यात नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रियेला पैसे भरायचे, जवळच्या नातेवाइकाची संमती हवी, विम्याचे कागद हवेत. पैसे काकूंच्या मुलानं भरले. संमती मी वेसीनाच्या स्वयंपाकघरातून मोबाइलवर डॉक्टरांना समोर बघून दिली. आणि विम्याचे कागद? ते माझ्या कपाटात. कपाटाची किल्ली? ती माझ्या पर्समध्ये, हाराबाकोआत, त्या बुरशी धरलेल्या पर्समध्ये! शेवटी काकूंना कुलूप फोडायला सांगितलं.

रात्री दोन वाजेपर्यंत वेसीना माझ्याजवळ बसून होत्या. एकदा त्यांनी विचारलं, “तुझी मामा?” मी मोडक्या भाषेत सांगितलं, “माझ्या नवऱ्याची मामा.” त्या म्हणाल्या, “म्हणजे मामाच.” आणि परत गप्प बसल्या.

परत कऱ्हाड

तिकिटं मिळून मी नि लेक चौथ्या दिवशी कऱ्हाडला पोचलो. यांचं काम अर्धवट टाकता येण्यासारखं नव्हतं, ते करार संपवून आले. सासूबाईंची शस्त्रक्रिया तोवर झाली होती. मला बघून म्हणाल्या, “आलीस? पोरीनं विमानात खाल्लं का काही?” एवढंच. पण पंधरा दिवसांनी, मी त्यांचे केस विंचरत असताना, आपणच बोलल्या, “काकूंनी सगळं केलं हो, पोटच्या पोरीनं केलं नसतं. पण त्या पहिल्या रात्री मी तुझ्याच नावानं हाका मारत होते.” माझा हात थांबला. त्या म्हणाल्या, “विंचर, विंचर. रागावून नाही सांगत.”

मैत्रिणींनो, आता त्या काठी घेऊन घरात फिरतात, संध्याकाळी अंगणात येतात. आम्ही मात्र बसून विचार केला. दोन घरांचा संसार म्हणजे दुप्पट भाडं नि दुप्पट भांडी एवढंच आम्ही धरलं होतं. खरं तर दोन्ही घरी आम्ही निम्मेच होतो. तिथं पाहुण्यासारखे राहिलो म्हणून दिवा घेतला नाही, आणि इथून पाहुण्यासारखे निघालो म्हणून किल्ली दिली नाही. दोन्हीकडची उणीव शेजारणींनी भरून काढली.

तुमच्यापैकी कुणाची मुलं दुबईला असतील, कुणाचे यजमान बोटीवर असतील, कुणी सुनेच्या बाळंतपणाला सहा महिने अमेरिकेला जाणार असेल. गाव कोणतंही असो, निघण्याआधी एवढं करा:

घराची एक किल्ली शेजारी द्या, आणि दिलीत हे घरातल्या सगळ्यांना सांगा. विम्याचे कागद, आधार कार्डाच्या प्रती, चालू औषधांची यादी नि डॉक्टरांचा नंबर एका पिशवीत घालून मागे राहणाऱ्याच्या हाताशी ठेवा. त्या कपाटाला कुलूप नको. अडचणीच्या वेळी भरता येईल अशी रक्कम कुणाच्या तरी खात्यात वेगळी ठेवा. शेजाऱ्यावर कर्ज काढायची वेळ येऊ नये. न्हाणीघरात भिंतीला धरायची दांडी बसवा. तिला काही फार खर्च येत नाही. आम्ही ती नंतर बसवली. महत्त्वाचे चार नंबर पाठ करा, किंवा कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. आणि तिकडच्या घरी पहिल्याच आठवड्यात दिव्याची नि पाण्याची पक्की सोय करा, मुक्काम तीन महिन्यांचा असला तरी.

परत निघताना तिकडचं घर कसं बंद करावं, तेही सांगते. गॅसची टाकी बंद करून नळी काढावी. फ्रिज पुसून त्याचं दार उघडं ठेवावं. धान्याचा दाणाही मागे ठेवू नये, वाटून टाकावं. टाकीचं पाणी सोडून द्यावं. जून ते नोव्हेंबर तिकडे चक्रीवादळांचे महिने. १९७९ चं ‘डेव्हिड’ नि १९९८ चं ‘जॉर्जेस’ ही वादळं तिथले लोक अजून विसरलेले नाहीत. तेव्हा पावसानंतर छप्पर बघायला कुणीतरी हवं. आमच्या घराची किल्ली वेसीनाकडे असते.

येत्या जानेवारीत हे एकटेच जातील. लेक आता पहिलीत आहे, तिची शाळा बुडवायची नाही, आणि सासूबाईंना अजून रात्री उठताना हात लागतो. त्या म्हणतात, “जा गं, मी बरी आहे.” मी म्हणते, बघू. आओरिता! संगमाची आठवण येते, नाही असं नाही. इन्व्हर्टरचे निम्मे पैसे मात्र आम्ही पाठवून दिले आहेत. यांनी रात्री काळोखात बसू नये.

एक गोष्ट राहिली. त्या घाईत वेसीनाचा निळ्या फुलांचा वाडगा माझ्या बॅगेत कपड्यांच्या घडीतून इकडे आला. रिकामं भांडं परत देऊ नये, ही आपली रीत. सासूबाई म्हणाल्या, “बेसनाचे लाडू टिकतील प्रवासात. पण भाजणं मी करणार, तुला घाई असते.” तेव्हा जानेवारीत यांच्या सामानात वाडगा कपड्यांत गुंडाळून जाईल, आणि सोबत एकवीस लाडवांचा डबा. वाडगा भरून कसा द्यायचा, ते यांना शिकवून ठेवते आहे.